ताईचा लेप

मी खल बोलतोय. दगडाचा, काळा, जडशीळ. मला तोंड आहे, पण जीभ नाही. माझ्यात काय कुटलं जातं ते मला चाखता येत नाही. चाखायची ती ताई.

पाथरवटाने मला उरल्यासुरल्या तुकड्यातून कोरलं. आईमागे धाकट्या भावाला वाढवणाऱ्या ताईने मला घरी आणलं. त्याचा खोकला, त्याची पोटदुखी, सगळ्यांवरचं औषध माझ्यातूनच निघालं. भाऊ मोठा होऊन बाजारात लिलाव पुकारू लागला. "हा आवाज माझ्या औषधांचा," असं ताई मिरवायची.

मग त्याच्या घशात कॅन्सरची गाठ निघाली. उपचारांनी गाठ आटत होती, पण तोंड आतून सोलून निघालं. नर्सने बजावलं, "मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या करा. विचारल्याशिवाय तोंडात काही लावू नका. खाणं थांबलं तर उपचारही थांबतील."

ताईने मान डोलावली आणि घरी येऊन मला पुसायला घेतलं. ज्येष्ठमध, हळद, मध आणि सढळ हाताने लवंगा.

"जळतं गं ताई," भाऊ कसाबसा म्हणाला.

ताईने बोटभर लेप स्वतःच्या जिभेवर ठेवला. "कुठे जळतंय? मी खाल्ला की! औषध म्हटलं की तुझी नाटकं सुरू."

ती खोटं बोलत नव्हती. किडक्या दाढेखाली दिवसभर लवंग धरून तिची जीभ केव्हाच बधिर झाली होती.

ताईला नाही म्हणायची भावाला सवयच नव्हती. तो आ करायचा आणि घळाघळा रडायचा. शेवटी त्याने तोंड मिटलं ते सगळ्यालाच, दुधाला आणि पाण्यालाही. वजन उतरलं, उपचार थांबले, गाठ फोफावली. भाऊ गेला.

"मी काही कमी केलं नाही," ताई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. ते मात्र खरं होतं.

पुढे तिची दाढ काढली, लवंग सुटली. काल जेवताना गाल चावला गेला. सवयीने तिने तोच लेप कुटला आणि लावला.

ती किंचाळली. नळाकडे धावली, थुंकली, चुळा भरत राहिली. मग भावाच्या रिकाम्या खाटेपाशी गेली. तिथून परत आली, माझ्यात बोट घातलं आणि पुन्हा लावलं.

आज सकाळपासून तेच चाललंय. कुणी या घरी येणार असाल, तर आधी मला उचलून बाहेर फेका. ती तुमचा हात धरेल, म्हणेल, "असू दे, मला काही झोंबत नाही."

तिच्या जिभेवर विश्वास ठेवू नका.