शाळेमागची खोली

अंबू खोलीच्या उंबऱ्यावरून निघाली, डावा पाय ओढत शाळेच्या फाटकापर्यंत गेली, फाटकाला हात लावून परत आली आणि धाप न लागता हसली. इंद्रभान दारात उभा राहून बघत होता. त्याने डोक्यावरची खाकी टोपी काढली, उगाच तिच्यात फुंकर मारली आणि पुन्हा घातली.

"जमते, बाबा," अंबू म्हणाली. "मधात कुठी बसावं नाही लागत."

अमडापुरात त्याने पाहिलेली ही तिसरी खोली. पेठेतली त्याच्या पगारात बसत नव्हती. वेशीबाहेरची स्वस्त होती, पण तिथून निघून शाळेत पोचेपर्यंत अंबूची प्रार्थना रोज बुडाली असती. ही मात्र शाळेच्या पाठीला लागूनच, आणि भाडंही परवडणारं. त्यांच्या खेड्यात चौथीपुढे वर्ग नव्हता. ही खोली मिळाली नाही तर पोरीची शाळा संपली, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

खोली झुंबरबाईची. इंद्रभान सरकारकडून देवीची लस टोचत गावोगाव फिरायचा. मागच्या आठवड्यात तिच्या नातीचा दंड धरून त्याने इतक्या बेताने टोचलं की पोर रडलीच नाही. म्हातारी खूश झाली, आणि बोलता बोलता खोलीचं निघालं.

"सरकारी मानूस हाये तुम्ही. मले आखीन काय पाह्यजे?" ती म्हणाली होती.

गाव कोणतं ते तिने विचारलं, त्याने सांगितलं. पुढचं तिने विचारलं नाही आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही. आपण खोटं तर बोललो नाही, अशी तो स्वतःची समजूत घालत होता. महाराष्ट्र झाला होता, शिवाशिवीविरुद्ध कायदाही झाला होता. पण कायद्याच्या भरवशावर खोली मागायला जाईल इतका इंद्रभान खुळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडीतून सामान उतरवताना त्याने बायकोला पुन्हा बजावलं.

"कौशल्या, आंगनातल्या इहिरीवर सरळ जाजो. बादली घेजो अन् सोडजो. थांबू नोको."

"कितीदा सांगता? समजलं ना मले."

ती घागर घेऊन गेली. विहिरीवर शेजारच्या दोघी पाणी ओढत होत्या. एकीचं झालं. तिने दोर कौशल्याकडे सरकवला आणि सहज म्हणाली, "घ्या, बाई."

कौशल्याने घागर खाली दगडावर ठेवली, पदर सावरला आणि मागे सरून उभी राहिली. माहेरी ती अशीच उभी राहायची, सासरीही तशीच, कुणी वरून पाणी ओतेपर्यंत. नवऱ्याने सांगितलेलं सगळं तिला आठवत होतं. तरी पाय आपल्या सवयीने मागे गेले होते.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ओसरीवर डाळ निवडत बसलेली झुंबरबाई सूप बाजूला ठेवून उठली. विहिरीवर येऊन तिने स्वतः बादली ओढली आणि घागरीला लागणार नाही अशी, चांगली हातभर वरून धार सोडली. अर्धं पाणी बाहेर सांडलं.

"तुह्या गावाले इहिरीवर अशीच उभी राह्यत होती का वं?"

"हाव," कौशल्या म्हणाली, आणि मग तिने तोंडाला पदर लावला.

झुंबरबाई इंद्रभानकडे वळली. आवाज तिने चढवला नाही.

"खोलीचं जमत नाही. माहा भाचा येऊन राह्यला खामगावहून. गाडी उभीच हाये, सामान चढव."

"बाई, काल तं तुम्ही हो म्हनलं."

"काल मले मालूम नव्हतं," ती म्हणाली. जरा थांबून तिने पुस्ती जोडली, "भाचा येनार म्हनून."

इंद्रभानला संताप आला. म्हातारीचा आला, त्याहून जास्त बायकोचा आला, आणि बायकोचा आला म्हणून स्वतःची लाज वाटली. कौशल्या भरलेली घागर तिथेच सोडून आली होती. त्याने ट्रंक उचलली.

"बाबा, मंग शाळा?" अंबूने विचारलं.

त्याने तिला उचलून गाडीत बसवलं.

"मले चालता येते," ती म्हणाली.

तेवढ्यात विहिरीकडून रडणं ऐकू आलं. झुंबरबाईने नातीला दगडावर बसवलं होतं आणि चुलीतली राख घेऊन ती तिचा दंड घासत होती. लशीचा फोड आता कुठे धरला होता.

इंद्रभान गाडीजवळूनच म्हणाला, "बाई, तो फोड नोका फोडू. पोरीले ताप येईन. घासाचंच असन तं बाजूबाजूनं घासा."

म्हातारीचा हात थांबला. तिने फोड नीट पाहिला, आणि तेवढी जागा सोडून भोवतीचं घासायला घेतलं.