मोठ्या मापाचा ड्रायसूट

त्या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, माझ्या दुकानात पाणबुड्यांचे, आत पाणी न शिरू देणारे दोनच ड्रायसूट टांगलेले होते. एक लहान, करड्या रंगाचा, पुएर्तो मोन्तच्या एकाने विकायला ठेवलेला. दुसरा माझ्या नवऱ्याचा. बाल्दोमेरो धिप्पाड गडी होता. तीन वर्षांपूर्वी गेला, पण पाण्यात नाही, अंथरुणात. त्याच्या सूटला पिवळे बूट मीच चिकटवले होते, खालच्या अंधारात पाय दिसावेत म्हणून. रोज सकाळी दुकान उघडलं की तो सूट बाह्या खाली सोडून माझ्याकडे बघत असायचा. मला तो हूक रिकामा हवा होता. हे आधीच सांगून टाकते, नंतर कोणी उकरून काढायला नको.

माझ्या मैत्रिणीचे, एर्मिंदाचे, दोन्ही मुलगे एकदमच आत आले. थोरला नोल्बेर्तो, दारातून तिरका होऊन शिरणारा. धाकटा एलिसेओ, नुसती काडी. थोरला मागच्या हिवाळ्यापासून डावा पाय ओढत चालायचा, कारण तो खोलातून घाईने वर आला होता. तसं आलं की रक्तात बुडबुडे होतात, मग पाय तरी जातो नाहीतर माणूस तरी. आमच्या केयोन बंदरात असे लंगडणारे गल्लोगल्ली आहेत.

"मावशी, सूट हवाय. एकच. दोघांत मिळून," नोल्बेर्तो म्हणाला.

"दोघांत एक? मग काय, एक पाय तुझा, एक पाय त्याचा?"

"सकाळी मी उतरणार, दुपारी हा. जवळचे एरिसो वेचून संपले, आता ते काटेरी गोळे खोलातच मिळतात. साध्या रबरी सूटमध्ये हाडं गोठतात हो."

"तू उतरणार? तुला माझ्या पायऱ्या चढवत नाहीत."

"पाण्यात पायऱ्या नसतात, मावशी."

मी लहान सूट काढून टेबलावर टाकला. म्हटलं, हा एलिसेओला कातडीसारखा बसेल. तो उतरेल, तू होडीत बसून दोर धर, आणि दोघं म्हातारे व्हा. नोल्बेर्तोने त्या सूटकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हा माझ्या मांडीवरच अडकेल. मोठा दोघांनाही होतो."

हा हिशेब आमच्याकडचे सगळेच करतात. मला संताप आला.

"अरे, मोठ्यात हवा मोकळी फिरते! हा डोकं खाली घालून एरिसो वेचणार, हवा पायांकडे धावणार, पाय फुगणार आणि हा उलटा होऊन सुटणार वर, बुचासारखा. हवा सोडायची झडप दंडावर असते, पायात नसते. मग त्याला कोण थांबवणार? तू?"

"कळलं, मावशी," एलिसेओ हळूच म्हणाला. पण तो बघत होता भावाकडे. लहान सूट घेतला की त्या दिवसापासून थोरला नुसता होडीत बसणारा माणूस होणार, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं.

माझा एक नियम आहे. सूट घालून माझ्यासमोर उकिडवं बसायचं, गळपट्टीत बोट घालून आतली हवा बाहेर काढायची. मग मी मांडी, गुडघा, पोटरी चिमटीत धरून बघते. मूठभर कापड हाताला लागलं तर सूट मिळत नाही, कितीही रडा.

"मग उद्या येतो," नोल्बेर्तो म्हणाला. "आतले कपडे घेऊन. आत काय घालतो त्यावरच माप ठरतं ना?"

हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ते एक पोतं घेऊन आले. एलिसेओ पडद्यामागे गेला, बराच वेळ खुडबुडला आणि बाल्दोमेरोचा सूट घालून बाहेर आला. सूट भरलेला दिसत होता. तो उकिडवा बसला, गळ्यात बोट घातलं, हवा फुस्स करून निघाली. मी मांडी चाचपली, पोटरी चाचपली. जेमतेम दोन बोटं कापड हाताला लागलं.

"बघा, मापाचाच आहे," नोल्बेर्तो म्हणाला.

मी एलिसेओच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. जून महिना, शेगडी विझलेली, माझी बोटं थंडीने आखडलेली, आणि या पोराच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी तो पाहिला. पडदा सरकवून पोतं बघायला चार पावलं लागली असती. मी वर हुकाकडे पाहिलं. तो रिकामा होता.

"न्या," मी म्हटलं. गळपट्टीला पावडर लावली, चेनला मेण घासलं आणि घडी करून दिली. त्या रात्री मला छान झोप लागली, याची आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास एर्मिंदा आली. एका हातात बटाट्याची गरम भाकरी, मिल्काओ, काखेत तेच पोतं.

"एदिता, बेटाकडे जाणारी एखादी होडी असेल तर बघ ना. पोरं तिकडेच गेलीत, त्यांना हे पाठवायचंय."

तिने पोतं टेबलावर रिकामं केलं. स्वेटर होते, तिने स्वतः कातलेल्या, न रंगवलेल्या जाड लोकरीचे. एक, दोन, तीन, चार.

"काल चारही तुझ्याकडे घेऊन आले होते. आणि आज एलिसेओ एक पातळ बनियन घालून गेला. म्हणे, चार घातले की हात हलत नाहीत. गारठेल गं तो."

"आज आधी कोण उतरणार?"

"तोच. थोरल्याचा पाय सकाळपासून ठणकतोय."

मी कोट न घालताच धक्क्यावर पळाले. एर्मिंदा माझ्या मागे, हातात एक स्वेटर तसाच. होडी समोरच होती, बेटाच्या अलीकडे. नोल्बेर्तो कडेला उभा राहून दोर सोडत होता.

"वर घे त्याला!" मी बोंबलले. "हळूहळू वर घे! आत्ता!"

वारा आमच्याच तोंडावर होता. नोल्बेर्तोने आम्हाला पाहिलं आणि खुशीत हात हलवला.

"काय झालं? एदिता, बोल ना!"

मी तिचं मनगट घट्ट धरलं. नोल्बेर्तोच्या पाठीमागे पाणी एकदम पांढरं झालं. तो अजून आमच्याकडेच बघून हात हलवत होता.

"ते पिवळं काय गं?" एर्मिंदाने विचारलं.

दोन बुटांचे तळवे होते, आभाळाकडे वळलेले. मीच चिकटवले होते ते, दिसावेत म्हणून.