पाठचा

हरण्यात इतकी मजा असते हे मला शहाण्णव साली डोंबिवलीत, सखाराम सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कळलं. सरांचे दोन क्लास होते, एक आमचा आणि एक ठाण्याचा. धड्यांच्या फायली इकडून तिकडे पाठवता याव्यात म्हणून त्यांनी दोन्हीकडची मशीनं मोडेम लावून फोनच्या लाइनीवर जोडली होती. मी तिथे शिकवायला होतो. पोरं घरी गेली की फायली बाजूला राहायच्या आणि मी फ्लॉपीतली कुस्ती सुरू करायचो: पडद्यावर दोन दांडगे पैलवान, माझा लाल, ठाण्याचा निळा, आणि खाली एकमेकांना चार शब्द लिहायला एक ओळ. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचं, इतकंच.

त्या खेळात घाई करणारा मेलाच. बटणं बडवत सुटलं की आपल्याच पैलवानाला धाप लागते. म्हणून आपण दम खायचा, समोरच्याला दमवायचं आणि पकड जुळली की मगच डाव टाकायचा. शिवाय तिकडची हालचाल फोनवरून इथे पोचायला पापणी लवण्याइतका उशीर होई, तो धरून बटण आधीच दाबावं लागे. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तरी ठाण्याचा गडी मला रोज लोळवायचा. समोरून तो कधी यायचाच नाही. बगलेखालून सुळकन शिरून पाठ धरायचा, उचलायचा, आपटायचा आणि लिहायचा, 'पुन्हा?'

नावाच्या जागी त्याने 'पाठचा' असं टाकलं होतं. पाठीमागून येतो म्हणून पाठचा! मी एकटाच खदखदून हसलो होतो. असा खिलाडू गडी मिळायला नशीब लागतं, आणि त्याला एकदा डोळ्यांनी बघावं असं मला फार वाटायचं, पण विचारलं की स्वारी विषय टाळायची. शेवटी मी पैज लावली: हरशील त्या दिवशी तोंड दाखवायचं. तो म्हणाला, 'चालेल.'

ठाण्याचा क्लास शेवंती सांभाळायची. तिला फोनवर विचारलं, "अगं, संध्याकाळी तुमच्याकडे खेळायला बसतो तो कोण?"

"संध्याकाळी? मी तर पोरं गेली की कुलूप लावते. सरांनी सांगितलंय म्हणून मशीन तेवढं चालू असतं."

"मग कोणीतरी दुसरी चावी केलेली दिसतेय."

"कर चौकशी, मोठा आलाय सीआयडी," असं म्हणून ती हसली आणि मीही हसलो. मात्र त्यानंतर माझ्या लक्षात येऊ लागलं की त्याच्या डावांना तो पापणीभर उशीर नसतो. उलट मी बटण दाबायच्या आतच तो तिथे असतो. लाइन चांगली लागत असेल, म्हणून मी सोडून दिलं.

एका शनिवारी आई बाजार करून क्लासवर आली. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे कधी कधी ती मला घेऊनच परतायची. आई ठाण्याच्या कोळीवाड्यातली, जत्रेत कुस्त्या मारणाऱ्या पैलवानाची लेक. खुर्ची ओढून बसली, मला दोनदा आपटलेलं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"पाठ लपवतोस कशाला रे? त्याला पाठच पायजे ना? मंग दे!"

"देऊ?"

"दे. तो अंगावर आला का हात खेच खांद्यावरशी नि घाल खाली. माजा बाबूस असाच मारायचा. धोबीपछाड!"

मी पाठ दिली. निळा झेपावला, मी त्याचा हात खांद्यावरून ओढला, आणि इतक्या महिन्यांत न झालेली गोष्ट झाली: निळा पैलवान गरकन फिरून चारी मुंड्या चीत! मी ओरडत खुर्चीवर चढलो. आईने टाळ्या पिटल्या, तिची भाजी जमिनीवर सांडली आणि ती गोळा करतानाही आमचं हसू थांबेना.

"नाव काय रे त्या गड्याचं?"

"पाठचा. पाठीमागून येतो ना, म्हणून."

आई हसायची थांबली. "पाठीमागचा नाय रे," ती हळूच म्हणाली. "पाठचा. तुझ्या पाठचा."

माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता. बाळंतपणाला आई माहेरी गेली आणि एकटीच परत आली, इतकंच मला ठाऊक होतं. तो गेला असं आमच्या घरात कोणी म्हणत नसे. ठाण्यालाच राहिला, असं म्हणत. मला भीती वाटली ती आईच्या चेहऱ्याची, कारण तो उजळला होता.

खालच्या ओळीत शब्द उमटले: 'हरलो. येतो.'

"निरोप घेतोय गं," मी घाईने म्हणालो. "निघताना आपण येतोच म्हणतो ना? जातो कोण म्हणतं?"

पण आईने पिशवी उचलली होती. "मी भात टाकते. तू बंद करून ये लवकर," म्हणाली आणि एखाद्या पोरीसारखी भराभर जिना उतरली.

मी लिहिलं, 'कोण आहेस?' पण लाइन तुटली होती. मग मशीन बंद केलं, शटर ओढलं आणि हे खूळ तिच्या डोक्यात घर करायच्या आत तिला काय नि कसं समजवायचं, ते जुळवत चाळीत पोचलो. वाट बघून ती रडेल, ते मला बघवणार नव्हतं. आमचं दार उघडं होतं. मी बाहेरच वाकून चपला काढू लागलो, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. इतका आनंदी आवाज मी तिचा जन्मात ऐकला नव्हता.

"बघ, आला तुझा दादा."