बॉनेटवरची राख

पलटणीतून सुभेदार होऊन गावी परतला तरी लालासाहेबाचा आवाज परेडच्या मैदानावरच राहिला होता. खंडेनवमीच्या सकाळी तो झेंडूची फुलं घेऊन दारात आला आणि त्या आवाजाला निमित्तच मिळालं. नवीकोरी काळी गाडी अंगणात उभी, आणि त्याची म्हातारी आई बनुबाई पदर खोचून तिचं बॉनेट राखेनं, काथ्यानं घासत होती.

खंडेनवमीला विळा, खुरपं, कोयता, नांगराचा फाळ, सगळं लख्ख घासून पुजायचं, ही बनुबाईची सासरी आल्यापासूनची रीत. गाडीचीही पूजा आहे म्हटल्यावर ती पारोशी कशी ठेवायची?

"आये! आगं काय केलंस ह्ये!"

"घासतीया. धूळ लय हुती."

"ही काय तुजी कळशी हाय? अक्कल गहाण टाकलीस व्हय गं? समदी गाडी नासवलीस!"

गल्लीतली दारं उघडली. बनुबाईनं काथ्या बादलीत टाकला, हात पुसले आणि ती आत गेली.

"आवं, माणसं बघत्यात," त्याची बायको शिवांजली उंबऱ्यातून फणकारली. "आत्तींवर कसलं वरडताय?"

"तू गप बस!"

खरं तर ही गाडी त्यानं घेतली होती आईसाठीच. जन्मभर एसटीत उभी राहिलेली बाई दसऱ्याला पुढच्या सीटवर बसून देवीला जाणार, असं त्यानं ठरवलं होतं. तोवर त्या सीटवर कुणाला टेकू दिलं नव्हतं. पण रागाला कुठं डोळे असतात!

दुचाकी काढून तो तणतणत कुपवाडला गेला आणि चरे घालवायच्या पॉलिशची डबी घेऊन आला. बॉनेट धुतलं, कोरडं केलं, मऊ फडक्यावर बोटभर पॉलिश घेऊन गोल गोल घासायला बसला. घासताना तोंडाचा पट्टा चालूच. शेजारचा भाऊसो जाता जाता म्हणाला, "गड्या, मालिश चाललीया जनू!" त्यालाही दोन शिव्या मिळाल्या.

कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे हळूहळू दिसेनासे झाले. जिथं नख अडकत होतं तिथले दोन मात्र हटेनात, ते फक्त पुसट झाले. तिन्हीसांजेला बॉनेटमध्ये तोंड दिसायला लागलं तसा लालासाहेब निवला. गाडीचं निभावलं म्हणजे सगळंच निभावलं, असं त्या शहाण्याला वाटलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्यानं गाडीचं पुढचं दार उघडलं. "आये, चल. देवीला जाऊया."

ओट्यावर बसलेली बनुबाई हलली नाही. "मी न्हाई येत. माजं लुगडं घासंल तुज्या गाडीला."

"आगं, निगालं की समदं! रागात बोललो. किती ताणायचं?"

"भरल्या गल्लीत बोललास. म्हातारीला अक्कल न्हाई, ह्ये आता पोराटोरास्नीबी ठावं झालं. जा तू. शिवांजलीला बसीव म्होरं."

लालासाहेबाचा आवाज पहिल्यांदाच बसला. आपट्याचं पान तिच्या हातावर ठेवून तो पाया पडायला वाकला. बनुबाईनं पाय झटकन लुगड्याखाली ओढून घेतले.

"ऱ्हाऊ दे. टाचंला भेगा हायत माज्या. तुज्या हाताला चरं पडतील."