भिंगरीच्या मांडीवरची जांभळी जाळी

भिंगरीचा घसा सुजला होता आणि तिचे आई-बाबा दोघंही कामावर. म्हणून आत्यानं पार्लरचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि सहा वर्षांच्या भाचीला काखोटीला मारून कोपऱ्यावरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी मांडीत पेनिसिलिन टोचलं. भिंगरी एरवी सुईला भीक न घालणारी, पण या वेळी तिनं अशी किंकाळी फोडली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. सुईच्या जागेभोवतीची कातडी आधी पांढरीफटक पडली, मग बघता बघता तिच्यावर जांभळ्या रेघांची जाळी उमटली.

"बर्फ आणते!" आत्या धावली.

"बर्फ अजिबात नको!" डॉक्टर ओरडले. "शिरा आणखी आवळतील. औषध बहुतेक एखाद्या बारीक रक्तवाहिनीला भिडलंय. मी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं."

त्यांचा चेहरा पार उतरला होता, पण हातपाय गाळून ते बसले नाहीत. पेशंटना हात जोडून घरी धाडलं आणि दोघींना स्वतःच्या गाडीतून मोठ्या इस्पितळात नेलं.

"हात चुकला ना तुमचा?" वाटेत आत्यानं फटकन विचारलं.

"जागा बरोबर होती, ताई. तरी क्वचित असं होतं. पण सुई माझ्याच हातात होती, हेही खरं."

आत्यानं आणखी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. ते तिनं गिळलं.

इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी वेदना कमी करायचं औषध दिलं, रक्त वाहतं राहावं म्हणून सलाइन लावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "पायाला धोका दिसत नाही. थोडी कातडी मात्र मरेल, जखम होईल. भरायला वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी त्या शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आल्या. असलं काही पुन्हा कधी बघायला मिळणार! भिंगरीनं चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"आधी तुमचं दाखवा."

"काय गं?"

"तुमची खूण. मगच माझी."

डॉक्टरीणबाईंनी मुकाट्यानं बाही वर केली, तिथे कुकरचा जुना चटका होता. एकीनं भुवईतला टाक्याचा वण दाखवला. मागचा उंच पोरगा मात्र कानापर्यंत लाल झाला.

"माझी आहे, पण... दाखवण्यासारख्या जागी नाही."

खोलीभर हशा पिकला. आत्याही पोट धरून हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. जागा काळी पडली, खपली धरली. पट्टी बदलताना भिंगरी आकांत करायची. कोपऱ्यावरचे डॉक्टर संध्याकाळी यायचे आणि दारातच घुटमळायचे. त्यांच्याकडे दाखवायला एकही खूण निघाली नाही.

"चालेल," भिंगरीनं उदार मनानं सांगितलं. "तुम्ही नुसते बसा."

ते बसले. आत्यानं न विचारता त्यांच्या हातात चहा दिला.

जखम भरली. मांडीवर अंगठा मावेल एवढा खळगा राहिला, तो कायमचाच. आईनं लांब फ्रॉक शिवून आणला. भिंगरीनं तो घडीसकट कपाटात ढकलला आणि चड्डी चढवून गल्लीत पळाली.

"पोरी बघतील की गं!" आई मागून ओरडली.

"रांगेत या म्हणावं त्यांना!"