गाठीतल्या पांढऱ्या पेशी

नीलांबरी बारा वर्षं हिंगोलीच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत होती. त्यामुळे स्वतःच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट नांदेडहून मोबाइलवर आला, तेव्हा तो कुणाकडून समजून घ्यावा असं तिच्या मनातही आलं नाही. तिनं तो एकटीनंच उघडला.

कॅन्सर होता. तेवढं तिनं मनाशी धरलंच होतं. पण खाली एक ओळ होती, गाठीत लिम्फोसाइट्स सत्तर टक्के. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मोठ्या माणसाच्या रक्तात या पांढऱ्या पेशी इतक्या दिसल्या की ती स्वतः डॉक्टरांना तातडीनं फोन लावायची. ब्लड कॅन्सरच्या पेशंटांचे असे आकडे तिनं पाहिले होते. म्हणजे आजार रक्तात उतरला!

"आला का रिपोर्ट?" संध्याकाळी नवऱ्यानं, विश्वजीतनं विचारलं.

"न्हाई अजून," म्हणत ती कणीक मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सात वर्षांच्या गुंजनला वेणी घालायला शिकवू लागली. पोरगी कंटाळली. "आई, तूच घाल ना!"

"मी काय जन्मभर पुरणार हाय का तुला?" नीलांबरी खेकसली आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकली.

त्या दुपारी लॅब रिकामी झाल्यावर तिनं दंडाला पट्टा बांधला, एक टोक दातात धरून आवळला आणि स्वतःचं रक्त काढलं. थेंब काचेवर पसरवला, रंग दिला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. शंभर पांढऱ्या पेशी मोजून त्यांत लिम्फोसाइट्स किती ते पाहायचं होतं. दोनदा मोजणी चुकली. तिसऱ्यांदा जमली. लिम्फोसाइट्स एकतीस. अगदी बराबर.

हायसं वाटायचं तर भीती वाढलीच. रक्तात नाहीत, मग त्या साऱ्या गाठीतच जमल्यात. तिथं काय करून राहिल्या?

"ताई, ही कुणाची स्लाइड?" लॅबमधली समरीन जेवून परत आली होती. तिनं वाकून पाहिलं. "सगळं तर नॉर्मल हाय. मग रडून काहून राहिल्या?"

तेव्हा नीलांबरीचा बांध फुटला. समरीननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाठीचं आपल्याला काय कळते, ताई? आपण रक्त मोजणारे. भाऊंना आत्ता फोन लावा, न्हाईतर मी लावते."

नीलांबरीनं विश्वजीतला फोन करून सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं नांदेडला गेली. वाटेत वारंगा फाट्याशी विश्वजीत म्हणाला, "दोन दिवस एकटीच घाबरत बसलीस?"

तिथल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट नीट वाचला. नीलांबरीनं थेट विचारलं, "रक्तात गेलाय ना?"

"नाही. या लिम्फोसाइट्स म्हणजे कॅन्सरच्या पेशी नाहीत. तुमच्या शरीरानं कॅन्सरशी लढायला पाठवलेल्या पेशी आहेत. तुमचा कॅन्सर चिवट जातीचा आहे, ते खोटं सांगणार नाही. पण या जातीत गाठीत अशा पेशी जितक्या जास्त, तितकी केमो लागू पडायची शक्यता जास्त."

"म्हणजे मी वाचणार?"

"शक्यता चांगली आहे. हमी मी देत नाही."

नीलांबरी खुर्चीची कड घट्ट धरून बसली. जीव जरा भांड्यात पडला, पण त्या 'शक्यता' शब्दानं पुढचे सहा महिने तिचा पिच्छा सोडला नाही. केमोत केस गेले, तोंडाची चव गेली. प्रत्येक सलाइनच्या वेळी तिला वाटायचं, माझ्या पेशी थकल्या तर?

ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाच्या तपासणीला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत ती धड जेवली नाही. अखेर डॉक्टरबाईंनी सांगितलं, काढलेल्या भागात कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही. विश्वजीत तिथंच हमसून रडला. तिला मात्र रडू आलं नाही.

आता ती पुन्हा लॅबमध्ये जाते. तिच्या स्वतःच्या तपासणीची तारीख जवळ आली की अजूनही तिची मोजणी चुकते, आणि त्या आठवड्यात स्लाइड मोजायचं काम समरीन न सांगता स्वतःकडे घेते.