बेअरिंगची लक्षणे

वैशाखातील चंद्रपूरचे ऊन कूलरच्या ओल्या वाळ्यालाही जुमानत नव्हते. पाणीपुरवठ्याच्या पंपघरातील चालकाच्या एकुलत्या एका जागेच्या मुलाखतीला अल्ताफ तिघा परीक्षकांपुढे बसला होता. महिनाअखेर त्याची वयोमर्यादा संपणार होती. पंपघराचे दार आज उघडले नाही, तर ते त्याच्यासाठी कायमचे मिटणार होते.

"मोटारीचे बेअरिंग निकामी होऊ लागल्याची लक्षणे सांगा," अध्यक्ष म्हणाले.

वीस वर्षे मोटारी दुरुस्त करणाऱ्या अल्ताफच्या ओठांवर उत्तर आले आणि तेथेच थबकले. अध्यक्षांच्या पाठीमागील कूलर बारीक कण्हत होता. चालत्या यंत्राचा सूर बिघडला की कारागिराने आधी मौन धरावे, अशी त्याचे वडील, तेच त्याचे गुरू, बाबूभाई यांची शिस्त होती. यंत्र बोलत असता मध्ये बोलणे त्यांच्या लेखी अविनय होता. अल्ताफने नकळत डोळे मिटले. कण्हण्यात आता खरखर मिसळली होती.

"झोप लागली का?" दुसरे परीक्षक हसले. "घरी खाट नाही वाटतं!"

"नाई साहेब, ऐकून राह्यलो. तो कूलर बंद करा. मोटार जळन आता."

"विषय बदलू नका. आम्हाला कूलरवाला नको आहे." अध्यक्षांनी गुणपत्रकात आकडा भरला, तिघांच्या सह्या झाल्या. "या आता."

"पण साहेब, लक्षणं..."

"वेळ संपली."

तो बाहेर बाकावर टेकतो न टेकतो, तोच आत काही करकरले आणि निःशब्द झाले. मोटारीच्या तारांवरील तापलेल्या वार्निशाचा वास दाराबाहेर आला. पाठोपाठ शिपाई मुखरू धावत आला.

"अल्ताफभाऊ, चला ना! साहेब लोक भाजून राह्यले. कूलर पाहा म्हणते."

अल्ताफ आत गेला. प्लग काढून, पेचकसाने चार स्क्रू सोडवून त्याने मोटार मेजावर उघडी केली.

"पहिले आवाज. मंग गरमी. मंग दांडा जाम. हे घ्या लक्षणं. हात लावून पाहा."

अध्यक्षांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"उत्तर बरोबर आहे," घाम टिपत ते म्हणाले. "पण सह्या झाल्या. आता इलाज नाही. तेवढा हा चालू करून द्या."

उघडे यंत्र टाकून उठण्याची ही अल्ताफच्या आयुष्यातील पहिलीच वेळ. त्याने चारही स्क्रू मेजावरील गुणपत्रकाच्या त्या सह्यांवर ओळीने मांडले.

"मंग ह्याले बी सहीवरच चालवा, साहेब."

बाहेर पडताना त्याने दार अदबीने, घट्ट ओढून घेतले.